गावचा मेस्त्री

मी सहा वर्षं मेक्सिकोत शिकवतो आहे, आणि त्यातली पाच वर्षं माझं एक जुनं खोटं तिथल्या भाषेने माझ्यासाठी सांभाळलं. हे एवढं वाक्य लिहायलाच मला वर्ष लागलं. देवाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा श्रद्धाळू असतात, निदान चांगली तरी असतात. मी दोन्हीपैकी काहीच नव्हतो. माझी आई जीवदानी देवीच्या डोंगराची प्रत्येक पायरी हाताने शिवत चढायची, आणि मी पायथ्याशी रिक्षा स्टँडजवळ चहा पीत तिची वाट बघायचो. देवीवर राग नव्हता, पण ओळखही नव्हती. तेव्हा जे घडलं ते जसं घडलं तसंच सांगतो. त्याला काय नाव द्यायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आमचं गाव वसईतल्या आगाशीहून खाडीच्या अंगाला आहे. शेती थोडी आणि तीही खारट, म्हणून बाबांनी लहानपणीच थापी हातात घेतली. बाबा मेस्त्री होते, म्हणजे गवंडी. पंचक्रोशीतले देवळांचे ओटे, विहिरींचे कठडे, ख्रिस्ती आळ्यांतले नाक्यानाक्यावरचे पांढरे क्रूस, कितीतरी त्यांच्या हातचे आहेत. त्यांच्या पिशवीत थापी, गिलावा सपाट करायचा गुरमाळा आणि ओळंबा असे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्यावरून कळतं. काम सुरू करण्याआधी बाबा तो कपाळाला लावायचे. सुट्टीत मी हाताशी असायचो. ओळंबा माझ्या हातात दिला की मी तो घट्ट धरायचो आणि तो हलतच राहायचा. मग ते म्हणायचे, "धरून ठेवलास तं हलनारच रं तो. सोड त्याला. सोडल्याबिगर सरल कलत नाय." ते वजन सोडायला सांगत होते. मला वाटे, मला हाकलतायत.

नववीत मी माणिकपूरच्या शाळेत होतो. तिथे कपडे कडक इस्त्रीचे आणि मराठी पुस्तकातली. मीही घरी 'पानी' आणि शाळेत 'पाणी' म्हणायला शिकलो होतो. एका दुपारी मधल्या सुट्टीत बघतो तर शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला गिलावा चालू होता आणि बांबूच्या परांचीवर बाबा. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी थापीसकट हात वर करून मला नावाने हाक मारली. सोबतच्या मुलाने विचारलं, "कोण रे तो?" मी म्हणालो, "आमच्या गावचा मेस्त्री आहे." बाबा चार हातांवर होते. त्यांनी ऐकलं. हात खाली घेतला आणि परत भिंतीकडे वळले.

घरी ते एक शब्द बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी जे केलं ते माराहून वाईट होतं: माझं खोटं त्यांनी खरं मानून चालवलं. त्या दिवसानंतर माझ्या ओळखीच्या माणसांसमोर ते माझे बाप राहिले नाहीत. पुढे मी बीएड करून माणिकपूरच्याच दुसऱ्या एका शाळेत नोकरीला लागलो. आई गेल्यानंतर घरात डबा बाबाच करायचे. कामावर जाता जाता तो शाळेच्या फाटकावर शिपाईकाकांकडे देऊन म्हणायचे, "सरांचा डबा हाय. मी त्यांच्या गावचा मेस्त्री." चार वर्षं, रोज. मला ते ठाऊक होतं आणि मी एकदाही फाटकापर्यंत गेलो नाही. आमच्यात बापालाही अरे-तुरेच करतात. मी त्यांना घरात 'बाबा, तू' म्हणायचो आणि बाहेर ते मला 'सर, तुम्ही' म्हणायचे.

मग मेक्सिकोतल्या एका खासगी शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवायचं काम मिळालं आणि मी सुटलो. असं मला वाटलं. राजधानीपासून दोन तासांवरचं शहर, उंचावरचं, कोरड्या हवेचं. सकाळी सातला शाळा. मी वर्गात शिरलो की तीस मुलं उठून एका सुरात म्हणणार, "ब्वेनोस दीयास, माएस्त्रो!" तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या घशाखाली पहिला महिना मक्याची भाकरी उतरली नाही, नंतर तिच्यावाचून चालेना. बाजारात पेरू, पपई, सीताफळ, चिकू असे समोर मांडलेले की आगाशीच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटे. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, वसईत जे शब्द मागे टाकून गेले त्यांचे चुलतभाऊ तिकडे भेटत. मेजाला मेसा, साबणाला हाबोन. आणि शिक्षकाला माएस्त्रो, आपल्या मेस्त्रीचाच चुलतभाऊ.

हाच शब्द तिकडे गवंड्यालाही आहे. गेल्या वर्षी माझ्या खोलीसमोर एक घर बांधलं जात होतं. तिथल्या मुख्य गवंड्याला सगळे माएस्त्रो म्हणत आणि मलाही माएस्त्रो. पहिल्याच वर्षी शाळेत कोणीतरी विचारलं, तुमचे वडील काय करतात? मी म्हणालो, "माएस्त्रो आहेत." शब्दाला शब्द खरा होता. ऐकणाऱ्याने जे समजायचं ते समजलं, आणि त्यांच्या शिक्षक दिनाला मुख्याध्यापिका बाईंनी मंचावरून सांगितलं की यांच्या घराण्यातच विद्या आहे. टाळ्या पडल्या. मी मान लववली. सात समुद्रांपलीकडे जाऊनही मी त्याच कुंपणाच्या भिंतीशी उभा होतो, आणि आता खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी, गुरुवारी सकाळी मी शाळेला निघताना ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण, लग्न होऊन गावातच दिलेली. बाबा ओट्यावर बसल्या बसल्या कलंडले होते. मेंदूत रक्तस्राव. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ताई म्हणाली, "कोनाला वलखत नाय रे तो. नुसता वर बघतो. तू ये."

येणार कसा? माझं तिथलं ओळखपत्र नूतनीकरणाला दिलेलं होतं. ते हातात येण्याआधी देश सोडायचा तर वेगळा परवाना लागतो, नाहीतर परत येणं बंद. मी धावत कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, अर्ज घेतला आणि खरं तेच म्हणाल्या: उद्या कामगार दिनाची सुट्टी, मग शनिवार, रविवार. सोमवारी दुपारी या. त्यांचा काही दोष नव्हता, माझाही नव्हता. दोष द्यायला कोणी सापडत नाही तेव्हा माणूस देवाकडे वळतो.

कपाटात आईने दिलेला जीवदानीचा छोटा फोटो होता. पाच वर्षांत मी त्याला कधी उदबत्ती लावली नव्हती. तो टेबलावर मांडला आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसून भीक मागितली. तुझं नावच जीवदानी आहे, मग दे. परवाना दे, नाहीतर बाबाला आठ दिवस दे. मला एकदा त्याच्यासमोर उभं राहून सगळ्यांच्या देखत 'बाबा' म्हणायचं आहे, बाकी काही नको. शनिवारी ताईने कळवलं की डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. मी उठलो आणि फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. वर शिवीही दिली. खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी साडेसातला दार वाजलं. दारात त्या समोरच्या बांधकामावरचे म्हातारे गवंडी, दोन लूपे. तिकडे वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी 'दोन' लावतात. एकट्या माणसाला दोन म्हणताना मला सुरुवातीला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. त्यांच्या खांद्यावर निळ्या रंगाचा, कागदी फुलांनी सजवलेला लाकडी क्रूस होता. मेच्या सुरुवातीला तिकडे गवंड्यांचा सण असतो. जिथे बांधकाम चालू असेल तिथे माथ्यावर क्रूस उभा करतात, जसं आपण स्लॅब भरायच्या दिवशी नारळ फोडतो. क्रूस वर नेऊन द्यायचा मान कामावरच्या माणसाचा नाही, बाहेरच्याचा. घरमालक नेणार होता, तो आला नव्हता. दोन लूपे म्हणाले, "माएस्त्रो, पाच मिनिटं."

मी आमच्यात हे नसतं म्हणून टाळू शकलो असतो. पण बाबांनी आयुष्यभर क्रूस बांधले होते, मला उचलायला काय झालं होतं? शिवाय नाही म्हणायचीही ताकद उरली नव्हती. मी क्रूस घेऊन कच्च्या जिन्याने वर गेलो. गच्चीच्या कोपऱ्यात, खांबाच्या डोक्यावर साच्यात सिमेंटचा ओला माल भरून ठेवला होता. मी क्रूस त्यात रोवला. दोन लूपे माझ्याकडे बघत होते. डोळे का सुजलेत, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वडील जातायत आणि मला जाता येत नाही. त्यांनी विचारलं, काय करायचे वडील?

"माएस्त्रो," मी म्हणालो. पाच वर्षांच्या सवयीने शब्द आपोआप आला.

आणि त्या म्हाताऱ्याने विचारलं, "शाळेतला की बांधकामावरचा?"

पाच वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. शिकलेल्यांनी नाही, मुलांनी नाही, मुलांच्या आईबापांनी नाही. मी म्हणालो, "बांधकामावरचा. गवंडी." एवढे दोन शब्द. पण नववीतल्या त्या दुपारपासून ते कुठेतरी अडकून होते, आणि बाहेर आल्यावर मी तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसून लहान पोरासारखा रडलो. नंतर मी त्यांना विचारलं की तुम्हाला का वाटलं? ते म्हणाले, क्रूस रोवण्याआधी तू माल बोटाच्या पाठीने दाबून बघितलास, शाळामास्तर असं करत नाही. मी तसं केल्याचं मला आठवतही नाही.

त्यांनीच सांगितलं, लाव फोन. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले असणार, दिवेलागण. ताईने व्हिडिओ लावला. पडद्यावर आमचं घर, खाट आणि खाटेवर बाबा. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे आढ्याकडे. ताईने फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. मी दोन लूपेंच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने बोललो, खालच्या मजुरांनाही ऐकू जाईल असं. "बाबा, हे इथले मेस्त्री. मी यांना सांगितलं, माझा बाबापन मेस्त्री हाय. तू गावचा मेस्त्री नाय, बाबा. तू माझा बाबा हाय. चुकलं माझं."

काही झालं नाही. त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच. ती माझ्या पाठीमागे कुठेतरी होती. मला वाटलं, उशीर झाला. देवीने हे एवढंही दिलं नाही.

मग त्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. अंगठा आणि एक बोट जुळलेलं, जसं ओळंब्याची दोरी धरतात. एक डोळा मिटला. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग तळवा एका बाजूला जरासा कलला. मला कळलं नाही. ताईला कळलं नाही. दोन लूपे मात्र एकदम हसले आणि खिशातून आपला ओळंबा काढून क्रूसाकडे गेले. त्यांनी दोरी सोडली, वजन हलायचं थांबेपर्यंत वाट बघितली. क्रूस दोन बोटं कलला होता. मीच तिरका रोवला होता. त्यांनी तो हळूच सरळ केला, मालात दाबला आणि फोनकडे बघून मान हलवली. बाबांचा हात खाली आला. दोन्ही डोळे मिटले. काम झालं की ते असेच डोळे मिटून बसायचे.

ताई रडत म्हणाली, "चार दिवसांत पयल्यांदा हात उचलला रे." नंतर ती असंही म्हणाली की डोळा आजारानेही मिटत असेल, हात नुसता थरथरला असेल. डॉक्टरही कदाचित तेच म्हणतील. मी वाद घालत नाही. मी एवढंच सांगतो की क्रूस कललेला होता. माफीचं उत्तर मला मिळालं नाही, कामाचं मिळालं. बाबा दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलायचेच नाहीत.

सोमवारी पहाटे ताईचा फोन आला, गेले. दुपारी परवाना हातात पडला. हे असं आहे, याला कोणी काही करू शकत नाही. त्या परवान्याकडे बघून मी कचेरीच्या पायरीवर किती वेळ बसलो होतो सांगता येत नाही. ताईनेच त्यांना पाणी पाजलं, ताईनेच अग्नी दिला. मी पोहोचलो तेव्हा अस्थीही सावडून झाल्या होत्या. घरात शिरल्यावर बाबांची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली दिसली. खुंटीवर त्यांची पिशवी होती, थापीला जुना माल वाळून चिकटलेला. ज्याला बघायला जग ओलांडून आलो त्याचं मला नखही बघायला मिळालं नाही. ते दुःख गेलेलं नाही आणि जाईल असंही वाटत नाही. कृपा झाली म्हणजे दुःख टळतं अशी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली.

दहाव्याला मी मुंडण केलं. तेराव्याला माणसं आली, त्यांत माणिकपूरच्या माझ्या जुन्या शाळेतले शिपाईकाका होते. आता निवृत्त झालेले, काठी टेकत आलेले. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "काका, मला एक सांगायचंय. तुमच्याकडे डबा द्यायला येणारे ते मेस्त्री..."

"बाप होता तुमचा," काका म्हणाले. "म्हाईत हाय मना. पयल्या आठवड्यापासून."

"त्यांनी सांगितलं?"

"छे! ते कसले सांगतात. डबा देऊन जायचे नायत लगेच. तुमचा वर्ग तलाला, फाटकाला लागून. पयला तास सुरू झाला का तुमचा आवाज येयाचा. ते भिंतीला टेकून आयकत बसायचे, हातात पिशवी. एक दिवस मना म्हनाले, 'बघा काका, सर कसा सरल बोलतो.'" काकांनी काठी सावरली. "मी समजलो. गावचा मेस्त्री असता तं 'बोलतात' म्हनला असता. सरांना 'बोलतो' कोन म्हनल? बापच म्हनल."

माझ्यासाठी त्यांनी अख्ख्या आयुष्याचं खोटं सांभाळलं, भिंतीसारखं उभं केलं, आणि त्यात एवढीच एक फट राहून गेली होती. तिच्यातून जे बाहेर आलं ते मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी जीवदानीचा डोंगर चढलो. आईसारखी प्रत्येक पायरी हाताने शिवत, गुडघे दुखेपर्यंत. खिशात बाबांचा ओळंबा होता. वर गेल्यावर तो देवीसमोर क्षणभर धरला, मग कपाळाला लावला. मी हिच्याकडे जीवदान मागितलं होतं आणि कोणाला, कसं, कधी हेही मीच ठरवून दिलं होतं. दोरी घट्ट माझ्याच मुठीत होती. ती सुटली ती मी सोडली म्हणून नाही, हात थकले म्हणून. तरीही तिने ते चालवून घेतलं. एका परक्या म्हाताऱ्याच्या तोंडून एक प्रश्न विचारला आणि मला माझा बाप परत दिला, जेमतेम पाच मिनिटांसाठी. आई जीवदानी, तुला शिवी दिली होती, ती पोटात घाल. तू दिलंस ते पुरलं. मेक्सिकोतल्या खोलीत तुझा फोटो निघतानाच सरळ मांडून आलोय, त्याच्या शेजारी हा ओळंबा टांगेन. रोज सकाळी शाळेला निघताना तो हलायचा थांबेपर्यंत उभा राहीन, मग दार ओढून घेईन.

खाली उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्टँडवरच्या एका वयस्क रिक्षावाल्याने माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघून विचारलं, "कोन गेलं, सर?"

"माझा बाबा," मी म्हणालो. "मेस्त्री होता."